सिगारेटशी झुंजणाऱ्या लूसीबाई

मुलांनो, क्रिकेट हा तुमच्या आवडीचा खेळ आहे ना? मग तुमच्या घरातील मोठ्या माणसांना १९९६ सालच्या विश्वचषकाबद्दल एकदा विचारा. तो विश्वचषक भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका या तीन देशांत मिळून झाला. अंतिम सामना लाहोरला झाला आणि श्रीलंकेच्या संघाने तो जिंकला. हे सारे त्यांना आठवत असेल. पण त्या स्पर्धेला नाव कशाचे दिले होते, असे विचारले तर ते क्षणभर थांबतील. ते नाव सिगारेटच्या एका छापाचे होते. त्या काळात भारतीय खेळाडूंच्या सदऱ्यांवरही त्याच छापाचे नाव असे. मैदानावर धावणारा, घाम गाळणारा निरोगी खेळाडू आणि सिगारेट यांचा काय संबंध, असा प्रश्न तुम्हांला आज पडेल. त्या वेळी तो फार थोड्या लोकांना पडत असे.

खेळ आणि तंबाखू यांची ही सोबत मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. ती समजून घेण्यासाठी आपल्याला सव्वाशे वर्षांहून अधिक मागे, अमेरिकेत जावे लागेल. तेथे एका शिक्षिकेला हाच प्रश्न पडला होता. प्रश्न पडला आणि ती गप्प बसली नाही. तिचे नाव लूसी पेज गॅस्टन.

लूसीचा जन्म १९ मे १८६० रोजी ओहायो राज्यातील डेलावेअर या गावी झाला. पुढे तिचे कुटुंब इलिनॉय राज्यात राहायला गेले आणि तेथील लॅकन या लहान गावात ती वाढली. तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. अमेरिकेत तेव्हा काळ्या लोकांना गुलाम म्हणून विकत घेत आणि विकत असत. लूसीचे आईवडील या गुलामगिरीच्या विरुद्ध होते. दारूच्याही ते विरुद्ध होते. एखादी गोष्ट वाईट आहे असे पटले की ती उघडपणे बोलायची, लोक काय म्हणतील याचा विचार करायचा नाही, ही शिकवण लूसीला घरातच मिळाली. तिच्या लहानपणीच अब्राहम लिंकन अध्यक्ष झाले आणि गुलामगिरी कायद्याने संपली. लिंकनही इलिनॉयचेच. गंमत अशी, की लूसी मोठी झाल्यावर तिचा चेहरा लिंकनसारखा दिसू लागला. तीच उंच हाडपेर, तोच लांबट चेहरा. वृत्तपत्रांतून यावर थट्टा होत असे. लूसीबाईंना त्याचा राग येत नसे. उलट त्यांना त्याचा अभिमानच वाटे.

वयाच्या सोळाव्या वर्षी लूसी शाळेत शिकवू लागली. तुमच्यापेक्षा ती फार मोठी नव्हती. शिक्षणही चालू होते. इलिनॉयमधील नॉर्मल या गावी शिक्षक तयार करणारी एक मोठी संस्था होती. तेथे ती शिकायला गेली. तेथे शिकत असतानाच ती इतर मुलींना बरोबर घेऊन दारूच्या गुत्त्यांवर, जुगाराच्या अड्ड्यांवर आणि तंबाखूच्या दुकानांवर धडक देत असे.

पुढे कित्येक वर्षे लूसीबाईंनी शाळेत शिकवले. आपल्या गोष्टीला खरी सुरुवात होते ती त्या वर्गांतच. काही मुले अभ्यासात मागे पडत. लक्ष देत नसत. वारंवार नापास होत. लूसीबाईंच्या लक्षात आले, की हीच मुले शाळेच्या मागे लपून सिगारेट ओढतात. ही मुले सिगारेटमुळेच बिघडली, असे त्यांचे ठाम मत झाले.

येथे आपण थोडे थांबू या. मूल मागे पडते म्हणून ते सिगारेटकडे वळते, की सिगारेट ओढते म्हणून मागे पडते? घरची गरिबी, उपासमार, आजारपण यांचा त्यात काही भाग नसतो का? हे प्रश्न लूसीबाईंनी स्वतःला फारसे विचारले नाहीत. त्यांचा स्वभावच तसा होता. एकदा मत बनले की ते पक्के. या स्वभावामुळे त्यांनी मोठे काम केले, आणि या स्वभावामुळेच पुढे त्या एकट्या पडल्या.

पण शाळकरी मुलांच्या हातात सिगारेट आली कोठून? तंबाखू अमेरिकेत नवी नव्हती. तंबाखूचे मूळ स्थानच ते. तेथून ती पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर आपल्याकडे आली. तुम्ही उर्दूत तंबाकू म्हणता, आम्ही मराठीत तंबाखू म्हणतो. शब्द एकच आहे. आपल्याकडे ती आली तेव्हाही तिच्यावरून वाद झाला. बादशहा जहांगीरने १६१७ साली तंबाखू ओढण्यास मनाई केली होती. ती मनाई किती पाळली गेली, ते तुम्ही कोणताही जुना हुक्का पाहून ओळखू शकाल.

अमेरिकेतील मोठी माणसे तंबाखू चघळत, चिरूट किंवा पाइप ओढत. सिगारेट मात्र थोडे लोक ओढत, कारण ती हाताने वळावी लागे. हुशार कारागीर दिवसभर राबला तर सुमारे तीन हजार सिगारेटी वळत असे. मग १८८१ साली जेम्स बॉन्सॅक नावाच्या तरुणाने सिगारेट वळणाऱ्या यंत्राचा हक्क मिळवला. हे यंत्र दहा तासांत सुमारे १ लाख २० हजार सिगारेटी वळत असे. जेम्स ड्यूक नावाच्या व्यापाऱ्याने ही यंत्रे घेतली. सिगारेट स्वस्त झाली, फार स्वस्त झाली. पण एवढ्या सिगारेटी ओढणार कोण? नवे गिऱ्हाईक हवे होते.

येथे खेळ मदतीला आला. सिगारेटचे पाकीट चुरगळू नये म्हणून त्यात एक जाड पुठ्ठा घालत. त्या पुठ्ठ्यावर रंगीत चित्रे छापण्याची कल्पना निघाली. नट्या, राजेराण्या, पशुपक्षी, आणि विशेष म्हणजे खेळाडू. अमेरिकेत बेसबॉल हा आपल्या क्रिकेटसारखाच लोकांचा लाडका खेळ आहे. बेसबॉलच्या खेळाडूंची चित्रे सिगारेटच्या पाकिटात मिळू लागली. मुलांना ती चित्रे जमवण्याचे वेड लागले. चित्रासाठी पाकीट हवे, आणि पाकिटात सिगारेटीही असत. शाळेजवळचे दुकानदार तर पाकीट फोडून एकेक सिगारेट एका पैशाला, म्हणजे एका सेंटला, विकत. मुलाच्या खिशात एक सेंट असतोच.

या चित्रांची एक हकीकत सांगतो. होनस वॅग्नर हा त्या काळचा फार मोठा बेसबॉलपटू. १९०९ साली एका तंबाखू कंपनीने त्याचेही चित्र छापले. पण त्याने हरकत घेतली आणि कंपनीला त्याचे चित्र छापणे बंद करावे लागले. मुलांनी आपल्या चित्रासाठी सिगारेटी घ्याव्यात, हे त्याला पसंत नव्हते, असे सांगतात. कंपनीने पैसे दिले नाहीत म्हणून तो रागावला, असेही काही जण सांगतात. तो स्वतः तंबाखू चघळत असे, हेही खरे. कारण काहीही असो, त्या चित्राच्या थोड्याच प्रती बाहेर पडल्या. म्हणूनच २०२२ साली त्यांतील एका प्रतीला ७२ लाख ५० हजार डॉलर एवढी किंमत आली. सिगारेटच्या पाकिटातील एका पुठ्ठ्याला!

आता लूसीबाईंकडे वळू. शिकवता शिकवता त्या दारूबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या एका मोठ्या संघटनेत सामील झाल्या. या संघटनेच्या प्रमुख फ्रान्सिस विलर्ड होत्या. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या, तेव्हा त्यांचा आणि विलर्डबाईंचा चांगला परिचय झाला होता. परत आल्यावर रमाबाईंनी अमेरिकेवर मराठीत जे पुस्तक लिहिले, त्यात या स्त्रियांच्या कामाची माहिती दिली आहे. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक राज्यांत स्त्रियांना मत देण्याचा हक्क नव्हता. तरीही या स्त्रिया सभा घेत, अर्ज लिहीत, आमदारांच्या दारात जाऊन उभ्या राहत.

लूसीबाई १८९० नंतर शिकागो शहराजवळ हार्वे या गावी राहू लागल्या. हे गाव वसवताना जमीन घेणाऱ्याला दारू न विकण्याची अट घातलेली होती. असे गाव लूसीबाईंना आवडले नसते तरच नवल. तेथे त्यांनी एका छोट्या वृत्तपत्राचे कामही पाहिले. पण त्यांचे मन दारूपेक्षा सिगारेटवर जास्त होते. दारूविरुद्ध बोलणारे हजारो लोक होते. सिगारेटला मात्र लोक किरकोळ गोष्ट समजत. मग हे काम आपणच का करू नये, असे त्यांना वाटले.

शेवटी १८९९ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांनी शिकागोमध्ये सिगारेटविरोधी संघटना स्थापन केली. दोनच वर्षांत तिला देशव्यापी रूप आले. आपले तीन लाख सभासद आहेत, असा संघटनेचा दावा होता. त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. लूसीबाई शाळाशाळांतून जात आणि मुलांपुढे भाषण करत. मग मुलांना एक प्रतिज्ञा दिली जाई. तंबाखू आणि दारू यांना आपण स्पर्श करणार नाही, अशी ती प्रतिज्ञा होती. मुले त्या कागदावर सह्या करत. प्रतिज्ञा घेणाऱ्याला सभासद करून घेत.

पण केवळ भाषणे करून स्वस्थ बसणाऱ्या त्या नव्हत्या. लहान मुलांना सिगारेट विकण्यास शिकागोत बंदी होती, पण ती कोणी पाळत नव्हते. लूसीबाईंच्या संघटनेने त्यासाठी आपला खास अधिकारी नेमला. तो अशा दुकानदारांना पकडून न्यायालयात उभे करी. लूसीबाई स्वतःही रस्त्यात फिरत. शिकागोच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रे विकणारी गरीब मुले तोंडात सिगारेट धरून उभी असत. लूसीबाई त्यांना थांबवून समजावत. एवढेच नव्हे, तर धट्ट्याकट्ट्या पुरुषांच्या तोंडातील सिगारेटही त्या ओढून काढत! तुम्ही हसाल. तेव्हाही लोक हसत, काही जण चिडत. कल्पना करा, तुम्ही रस्त्याने चालला आहात आणि काळ्या पोशाखातील एक उंच बाई येऊन तुमच्या तोंडातील वस्तू काढून घेते. मला स्वतःला हे वागणे पटत नाही. मोठ्या माणसाला समजावावे, त्याच्या तोंडाला हात घालू नये. पण मुलांना सिगारेट विकणाऱ्या दुकानदाराला त्यांनी न्यायालयात खेचले, ते मात्र मला शंभर टक्के पटते.

ज्यांना सिगारेट सोडायची आहे, त्यांना मदत करण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. सिगारेटची तलफ आली की चघळण्यासाठी त्या जेन्शन नावाच्या एका कडू वनस्पतीचे मूळ देत. १९१३ साली डॉक्टर क्रेस यांच्या मदतीने त्यांनी शिकागोत एक दवाखाना सुरू केला. तेथे सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणाने तोंड धुण्यास सांगत. त्यानंतर सिगारेट ओढली तर तिची चव इतकी वाईट लागे, की ती टाकून द्यावीशी वाटे. दवाखान्यात लोकांची गर्दी होऊ लागली. त्यांतील सर्वांचीच सवय सुटली असे नाही. पण व्यसन हा नुसता दुर्गुण नाही, त्यावर दवाखान्यात इलाज करावा लागतो, ही गोष्ट त्या काळी नवी होती.

याच काळात कायद्याच्या आघाडीवरही बरेच काही घडत होते. नॉर्थ डकोटा, आयोवा, टेनेसी या राज्यांनी १८९५ ते १८९७ या काळात सिगारेट विकण्यास बंदी केली. टेनेसीतील एका विक्रेत्याने एक युक्ती काढली. दुसऱ्या राज्यातून आलेला माल मूळ वेष्टनात असेल तर राज्याला त्यावर बंदी घालता येत नाही, असा तेव्हा नियम होता. मग दहा सिगारेटींचे प्रत्येक लहान पाकीट हेच मूळ वेष्टन आहे, असे तो म्हणू लागला. अशी सुटी पाकिटे टोपलीत भरून त्याच्याकडे येत. खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९०० साली न्यायालयाने निकाल दिला, की ही केवळ पळवाट आहे आणि राज्याचा कायदा योग्य आहे.

१९०५ साली इंडियाना राज्यात असाच कायदा येणार होता. तेथे एका सभासदाने आपल्याला मिळालेले पाकीट भर सभागृहात उघडून दाखवले. त्यात शंभर डॉलर होते. कायद्याच्या विरुद्ध मत द्यावे म्हणून ही लाच दिली होती. सभागृहात खळबळ उडाली आणि कायदा मंजूर झाला. लूसीबाईंच्या इलिनॉय राज्यानेही १९०७ साली कायदा केला, पण तो न्यायालयात टिकला नाही. एकंदर १५ राज्यांनी कधी ना कधी सिगारेटवर बंदी घातली. हे सारे काही एकट्या लूसीबाईंनी केले नाही. परंतु सिगारेटच्या विरोधात सर्वांत जास्त ओळखीचे नाव त्यांचेच होते.

मोठमोठ्या माणसांचा त्यांना पाठिंबा होता. मोटारी बनवणारे हेन्री फोर्ड यांनी १९१४ साली सिगारेटविरुद्ध एक पुस्तिका काढली. विजेचा दिवा घरोघरी पोहोचवणारे थॉमस एडिसन यांचाही सिगारेटला सक्त विरोध होता. सिगारेट ओढणाऱ्याला आपण कामावर ठेवत नाही, असे ते सांगत. आता हे ऐका. एडिसन स्वतः चिरूट ओढत! सिगारेटचा कागद जळतो, त्यातून विष तयार होते आणि चिरुटाला कागद नसतो, असे त्यांचे म्हणणे होते.

लूसीबाईंचे शास्त्रही असेच अर्धेमुर्धे होते. सिगारेटच्या धुरात फरफ्युरल नावाचा पदार्थ असतो आणि तोच सर्व रोगांचे मूळ आहे, असे त्या सांगत. सिगारेट ओढणाऱ्या मुलाचा चेहरा विशिष्ट प्रकारचा होतो आणि चेहऱ्यावरून तो ओळखता येतो, असेही त्या म्हणत. सिगारेट ओढणारा मुलगा हमखास चोर, दारुडा आणि गुन्हेगार होतो, हे त्यांचे आवडते मत होते. सिगारेट वाईट, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. ती का वाईट, हे त्यांना नीट सांगता येत नव्हते. कारण ते तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हते. मग ती रिकामी जागा त्या आपल्या मतांनी भरून काढत. ज्यांच्या शेजारी सिगारेट ओढणारा एखादा भला, कष्टाळू माणूस राहत असे, ते लोक लूसीबाईंचे बोलणे ऐकून मान हलवत आणि निघून जात.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. या युद्धाने लूसीबाईंचे वीस वर्षांचे काम जवळजवळ धुऊन टाकले. लाखो तरुण सैनिक फ्रान्सला गेले. खंदकात पाइप भरत बसायला वेळ नव्हता. सिगारेट पटकन पेटवता येई. सेनापतींनी भाकरीइतकीच तंबाखूची मागणी केली. १९१८ साली सरकारने सैनिकांच्या शिध्यातच तंबाखूचा समावेश केला. कालपर्यंत सिगारेटच्या विरुद्ध असणाऱ्या सेवाभावी संस्था आता सैनिकांना सिगारेटी वाटू लागल्या. सैनिकांसाठी सिगारेट-निधी गोळा होऊ लागला.

लूसीबाईंनी याला विरोध केला. जी मुले कोवळ्या वयात देशासाठी लढायला गेली आहेत, त्यांना आपणच व्यसन लावत आहोत, असे त्यांना वाटत होते. पण त्या दिवसांत हे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते. जो मुलगा उद्या मरणार आहे, त्याच्या हातातील सिगारेट ही बाई काढून घेऊ पाहते, असे लोक म्हणू लागले. त्या देशाच्या शत्रू आहेत की काय, असे वाटण्यापर्यंत लोकांची मजल गेली. जुने सोबती दूर झाले. देणग्या आटल्या.

तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? युद्ध संपेपर्यंत गप्प बसला असता? बरेच शहाणे लोक तसेच करतात. लूसीबाई गप्प बसल्या नाहीत. युद्ध संपले आणि लाखो सैनिक घरी परत आले, तेव्हा त्यांतील पुष्कळांना सिगारेटची सवय लागलेली होती. आता सिगारेट ही बिघडलेल्या पोरांची नव्हे, तर शूर सैनिकांची वस्तू झाली. तिच्याविरुद्ध बोलणार कोण?

जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदीचा कायदा अमलात आला. लूसीबाईंना वाटले, आता सिगारेटची पाळी. त्यांनी एक धाडसी घोषणा केली. आपण रिपब्लिकन पक्षातर्फे देशाच्या अध्यक्षपदासाठी उभ्या राहणार, असे त्यांनी जाहीर केले. त्या वेळी सर्व अमेरिकन स्त्रियांना मताचा हक्कसुद्धा मिळाला नव्हता. तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिळाला. स्वच्छ आचरण, भेसळ नसलेले अन्न आणि कायद्याची निर्भय अंमलबजावणी, असा त्यांचा कार्यक्रम होता. लिंकनशी असलेल्या आपल्या साम्याचीही त्यांनी लोकांना आठवण करून दिली. वृत्तपत्रांना थट्टेला चांगला विषय मिळाला. पुढे त्यांनी उमेदवारी मागे घेतली. निवडून आले वॉरन हार्डिंग, आणि ते सिगारेट ओढत असत! लूसीबाईंनी नव्या अध्यक्षांना सिगारेट सोडण्याची विनंती करणारे पत्र लिहिले. अध्यक्षांनी काही ती सोडली नाही.

शेवटच्या वर्षांत तर त्यांनी उभ्या केलेल्या चळवळीतही त्यांना जागा राहिली नाही. काळ बदलला आहे, आपण मोठ्यांच्या मागे न लागता फक्त मुलांसाठी काम करू, थोडे मवाळ बोलू, असे इतर कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. लूसीबाईंना मवाळ बोलणे जमत नव्हते. सहकाऱ्यांनी त्यांना बाजूला केले. त्यांनी साठी ओलांडली होती. लग्न केलेले नव्हते, पैसा साठवलेला नव्हता. तरी त्या सभांना जातच राहिल्या.

जानेवारी १९२४ मध्ये शिकागोत अशाच एका सभेहून परतताना रस्त्यात ट्रामची धडक बसून त्या जखमी झाल्या. त्यातून त्या पूर्ण बऱ्या झाल्याच नाहीत. पुढे त्यांना घशाचा कर्करोग झाल्याचे आढळले. जन्मात कधी सिगारेट न ओढलेल्या बाईला हा रोग व्हावा, हे फार विचित्र वाटते. पण रोग माणसाचे चारित्र्य पाहून येत नाही. २० ऑगस्ट १९२४ रोजी शिकागोजवळच्या हिन्सडेल येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या ६४ वर्षांच्या होत्या. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे ७० अब्ज सिगारेटी तयार झाल्या. त्यांनी काम सुरू केले तेव्हा हा आकडा चार-पाच अब्जांच्याही वर नव्हता. तीनच वर्षांनी, १९२७ साली, कॅन्सस राज्याने आपली बंदी उठवली. सिगारेटवर संपूर्ण बंदी असलेले ते शेवटचे राज्य होते.

लूसीबाईंच्या मृत्यूनंतर २६ वर्षांनी, १९५० साली, इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत डॉक्टरांनी शेकडो रुग्णांची माहिती गोळा करून दाखवून दिले, की सिगारेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका फार मोठा असतो. ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकन सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांनी हीच गोष्ट एका मोठ्या अहवालात जाहीर केली. त्यात फरफ्युरलला दोष दिलेला नव्हता. मुलाचा चेहरा पाहून त्याला ओळखण्याची गोष्टही त्यात नव्हती. होते ते नुसते आकडे, पानेच्या पाने.

आपल्या देशात २००३ साली तंबाखूविषयी कायदा झाला. तेव्हापासून सिगारेटच्या कंपन्यांना आपल्या छापाचे नाव खेळांच्या स्पर्धांना देता येत नाही. १८ वर्षांखालील मुलांना तंबाखूचा कोणताही पदार्थ विकणे हा गुन्हा आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आतही असे पदार्थ विकता येत नाहीत. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. एखाद्या दिवशी शाळा सुटल्यावर मोजपट्टी घ्या आणि आपल्या शाळेच्या फाटकापासून तेवढे अंतर मोजून पाहा. वाटेत कोणकोणती दुकाने लागतात आणि त्यांत काय काय टांगलेले असते, ते वहीत लिहून आणा.